सतरा चाव्यांचा क्लॅरिनेट

मी नागपूर सोडलं त्या दिवशी स्टेशनवर लोकांना वाटलं, नवरदेव निघालाय.

त्यांचं तरी काय चुकलं? अंगात नवा शिवलेला कोट, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर आईनं लावलेलं कुंकू, आणि शेजारी उभा राहून एक माणूस जीव ओतून क्लॅरिनेट वाजवतोय. टीसीनं डब्यात डोकावून विचारलंसुद्धा, "दुल्हन किधर है?" दुल्हन नव्हती. मी एकटाच इंग्लंडला चाललो होतो, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून.

वाजवणारे होते झिंगरूमास्तर, आमच्या लकडगंजातल्या बँडपार्टीचे क्लॅरिनेटवाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून ते आपणहून आले. बाबा सरकारी कचेरीतले कारकून. लाजेनं पाठ फिरवून वेळापत्रकाचा बोर्ड वाचत उभे होते, जणू हा मुलगा दुसऱ्याच कोणाचा. गाडी हलली तशी मला भरून आलं आणि मी दारातून ओरडलो, "मास्तर, तुमच्यासाठी विलायतेतून नवा क्लॅरिनेट आणतो!"

बाबा तेव्हा बोर्ड सोडून डब्याबरोबर चालायला लागले होते. काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, कारण जन्मभर ते मला एकच वाक्य ऐकवत आले: "आधी इचारावं, लेका, मंग करावं."

तुमच्यापैकी जे नागपुरातच राहिले त्यांना झिंगरूमास्तर आठवत असतील. जे माझ्यासारखे निघून गेले त्यांच्यासाठी सांगतो. लग्नसराईत मास्तर बँडच्या पुढं, लाल कोटात, आणि लग्नं बंद झाली की आरा मशीनवर लाकडं चिरायला. भुवयांत कायम भुसा. मी त्यांच्यापायी वेडा होतो. ज्यांच्याशी आमचा पाण्याचाही संबंध नाही अशांच्या वरातीत मी हजर. मास्तरांची बोटं दिसावीत म्हणून बँडच्या पुढं उलटा चालायचो. एकदा तसाच उलटा नालीत गेलो. मास्तरांनी सूर न सोडता मला वळसा घातला, आणि मी नालीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. "पन्नास क्लॅरिनेट वाजू द्या, डोळे मिटून मास्तरांचा श्वास ओळखून दाखवतो," असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. हे वाक्य लक्षात ठेवा. मला अजून विसरता आलेलं नाही.

कॉव्हेंट्रीत खोली मिळाली, लँडलेडी मिळाली, मीटरमध्ये नाणं टाकल्यावर पेटणारा हीटर मिळाला. रविवारी पार्कात बँड वाजायचा. पहिल्याच रविवारी मी सवयीनं त्याच्यापुढं उलटा चालायला लागलो. पोलिसानं अदबीनं विचारलं, "आपली तब्येत बरी आहे ना?" मी सुलटा होऊन चालू लागलो. तिथल्या वाजवणाऱ्यांचे सूर इस्त्री केलेले. मास्तरांच्या सुरात नवरीच्या आईचं रडू, पंगतीत उशीर झालेल्या मामाचा राग, घोड्याची लीद, सगळं असायचं. मी खोलीवर येऊन भातावर लोणचं घालून खाई आणि स्वतःशीच तोंडानं क्लॅरिनेट वाजवी. भिंतीपलीकडून लँडलेडी ठोके द्यायची.

सहा वर्षांनी धाकट्या बहिणीचं, नलूचं लग्न ठरलं आणि मला रजा मिळाली. मी थेट वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथं दोन क्लॅरिनेट होते. एक जुना, काळपट, तेरा चाव्यांचा. दुकानदार म्हणाला, "हा आता कोणी वाजवत नाही, हवा तर असाच घेऊन जा." दुसरा नवा, चांदीसारखा चकचकीत, सतरा चाव्यांचा. दुकानदारानं विचारलं, "वाजवणारा कोणत्या पद्धतीचा वाजवतो?" बोटं ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात हेच मला ठाऊक नव्हतं. बँडपुढं उलटा चालून आयुष्य काढलं, पण चाव्या मोजल्या नाहीत. मी छाती काढून म्हणालो, "तो उत्तमच वाजवतो." आणि सतरावाला घेतला. तेरापेक्षा सतरा चांगल्याच असणार, हे माझं ड्राफ्ट्समनचं गणित. तसं घरी कळवूनही टाकलं: मास्तरांना सांगा, नवा येतोय, आता जुनं लाकूड फेका.

मास्तरांनी फेकलं नाही. लग्नाच्या आधी अधिक महिना आला होता. जावयाला वाण द्यायचं असतं, आणि त्यांचा बालाघाटचा जावई बँडमध्येच वाजवायचा. त्यांनी जुना क्लॅरिनेट पुसून, त्याला हळदकुंकू लावून जावयाला धोंड्याचं वाण म्हणून दिला.

लग्नाच्या चार दिवस आधी मी पोचलो. मास्तरांच्या ओसरीवर पेटी उघडली. गल्ली जमली. मास्तरांनी क्लॅरिनेट हातात घेतला, बोटं ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली. एक चिरका आवाज निघाला.

"नवा हाये," मास्तर म्हणाले, "ओळख होईन."

चार दिवस त्यांच्या घरातून तो चिरका आवाज येत होता. मी लोकांना समजावत होतो, नवं वाद्य आहे, तापायला वेळ लागतो. कोणी विचारलं नसताना समजावत होतो.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड शाळेत, जानोशावर उतरलेलं. तिथून नवरदेवाला वाजतगाजत मांडवात आणायचं. मास्तर पुढं, लाल कोट, ओठांत सतरा चाव्यांचा क्लॅरिनेट उन्हात लखलखतोय. आणि मी, मुलीचा भाऊ, विलायती सूट घालून त्यांच्यापुढं उलटा नाचतोय. जानोशापासून मांडवापर्यंत नाचलो. "वाह मास्तर! हाच श्वास! सहा वर्षं याच्यासाठी तरसलो!" असं व्याह्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो. डोळ्यांत पाणी होतं.

मी पंगतीला पाणी वाढत असताना मास्तरांच्याच बँडमधला, पितळी कॉर्नेट वाजवणारा शेषराव माझा हात धरून हळूच म्हणाला, "भाऊ, कोनाले वाह वाह करून राहिले होते?"

"मास्तरांना."

"मास्तरनं आज एक बी सूर नाही फुकला. नुसता ओठाले लावून होते. मीच दोघायचं वाजवून राहिलो होतो. माहे गाल पाहा."

मी त्याचे गाल पाहिले. सुजले होते.

दुसऱ्या दिवशी मी आरा मशीनवर गेलो. मास्तर ओंडका मोजत होते. मी विचारलं, "मास्तर, मला सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू गा? तू समुद्रापल्याडून घेऊन आला. माहा जुना तेरा चाव्यायचा होता. बोटं आपल्या जागी जातेत अन् तिथं भोकच नाही राहत. तीस वर्साची बोटं हायेत, वसंता. त्यायले आता कोन शिकवन?"

"मी उद्याच बालाघाटला जातो. तुमचा जुना परत आणतो."

मास्तरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "जावयाले देल्लेलं वाण परत मांगतं का कोनी? माह्या पोरीले त्या घरात नांदाचं हाये. तू त्या रस्त्याले जाशीन तं माह्या दारात येऊ नोको."

मी गेलो नाही. हेही मला नंतर धड ठरवता आलं नाही, की शहाणपणानं गेलो नाही की भित्रेपणानं. दहा दिवसांची रजा उरली होती आणि ती मी बाबांच्या नजरेला नजर न देता संपवली. बाबा त्यांचं ते वाक्य एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. या खेपेला स्टेशनवर कोणी वाजवायला आलं नाही.

कॉव्हेंट्रीत उतरलो तो सामानासकट त्या दुकानात. तेरा चाव्यांचा काळपट क्लॅरिनेट एका माणसानं नेला होता, त्याचा टेबल लॅम्प करायला. दुकानदारानं ते कौतुकानं सांगितलं. मी त्याला म्हणालो, छान दिसेल.

मग मी शोधत राहिलो. जुन्या सामानाचे बाजार, चर्चमधल्या विक्र्या, वर्तमानपत्रातल्या जाहिराती. बाबांची पत्रं यायची: मास्तरांनी बँड सोडला. बारा महिने आऱ्यावरच असतात. तुझा क्लॅरिनेट येईल जाईल त्याला दाखवतात, म्हणतात, "आमच्या वसंतानं आणला." मी ती ओळ वाचून पत्र घडी करायचो आणि पुन्हा उघडायचो. रागावले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर माणसाला परत जायला तोंड राहतं. कौतुकापुढं काय करणार?

आठ वर्षांनी एका पावसाळी शनिवारी, गंजक्या कात्र्यांच्या आणि बाहुल्यांच्या ढिगात मला तसाच एक काळपट क्लॅरिनेट सापडला. या खेपेला मी चाव्या मोजल्या. दोनदा मोजल्या. तेरा. दुरुस्त करून घेतला, रजा काढली, निघालो. घरी कळवलं नाही. अचानक देऊन चकित करायचं होतं. म्हणजे पाहा, चाव्या मोजायला शिकलो, पण आधी विचारायला काही शिकलो नाही.

मास्तर ओसरीवर बसले होते. हसले, आणि मला दिसलं की वरचे दात नव्हते, एकही. क्लॅरिनेट वरच्या दातांनी दाबून धरावा लागतो, एवढं आता मलाही कळत होतं.

मी पेटी मागं सरकवायला लागलो. मास्तरांनी ती ओढून घेतली, उघडली, आणि क्लॅरिनेट मांडीवर आडवा धरला. बोटं ठेवली. प्रत्येक बोट आपापल्या भोकावर बसलं. ते स्वतःशीच म्हणाले, "बरोब्बर हाये."

मग त्यांनी वाजवलं. ओठाला न लावता, नुसत्या बोटांनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधेच डोळे मिटले, मान हलली, एका जागी बोट जरा जास्त थांबलं, मग पुढं गेलं. चाव्यांची बारीक टकटक तेवढी ऐकू येत होती. मी समोर बसून, चाळिशी ओलांडलेला माणूस, त्या बोटांकडं पाहत होतो. कोणत्या तरी लग्नातली चाल असणार. मी ती शंभरदा ऐकलेली असणार.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "ओळखलं का गा?"

"ओळखलं, मास्तर," मी म्हणालो.

त्यांना फार आनंद झाला. मला काही कळलं नव्हतं.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं म्हणायचं, इकडचं की तिकडचं? मी तिकडचंच, नागपूरचंच सांगतो. दर रजेला जातो. माणसं बोलत असतात, हसत असतात, मधेच एखादी जुनी खूण करून माझ्याकडं आशेनं बघतात. मला काही ऐकू येत नाही. मी मान हलवतो आणि म्हणतो, ओळखलं.