दवाखान्याच्या बाकावरचा नियम

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता ती माझ्यापेक्षा गावालाच जास्त पाठ आहे. आणि गावाला जी पाठ आहे, ती खरी नाही. पांढुर्ण्याचा कुणी जुना माणूस बसस्टँडवर भेटला की अजून विचारतो, "तुमीच ना जी ते मास्तर? भर गणपतीत मिशनवाल्याची बोलती बंद केली होती?" मी नुसता हसतो. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात हाच किस्सा रंगवून सांगितला गेला. तेव्हाही मी शाल-नारळ घेतलं आणि खाली बसलो.

आता बायको राहिली नाही. मुलगी तिच्या संसारात आहे. सौंसरच्या या घरात दिवसभर बोलतो तो फक्त रेडिओ, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.

देश स्वतंत्र झाल्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मी पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत शिकवत होतो. गावात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता आणि तिथे एक कंपाउंडर होते. धर्माने ख्रिस्ती, माझ्यापेक्षा थोडे मोठे, बोलणं मात्र आमच्यासारखंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दोन्हीकडची फुटलेली डोकी संध्याकाळी त्यांच्याच बाकावर शेजारी शेजारी बसायची. एका वर्षी मी नुसता बघायला गेलो होतो, तरी कपाळ फुटलं.

"कोणत्या बाजूचे जी तुम्ही?" पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं.

"कोणत्याच नाही. पाहून राहिलो होतो."

"मंग तं लागनारच. पाहनाऱ्याचं ध्यान कुठं असते?"

पट्टी बदलायला पुन्हा गेलो, आणि जखम भरल्यावरही जातच राहिलो. शाळा सुटली की त्या बाकावर बसायचं आणि धर्मावर बोलायचं, हे ठरूनच गेलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या येशूबद्दल काहीतरी तिरकं बोललो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, एक नियम करू. मी काय मानतो ते आधी तुम्ही सांगा. मले वाटलं पायजे का मीच बोलून राहिलो. मी मान हलवली का मंग खुशाल खोडा. मी बी तुमचं तसंच करीन."

नियम सोपा वाटला, पण कितीदा तरी सगळी संध्याकाळ ती एक मान मिळवण्यातच जायची. मी त्यांचं म्हणणं मांडायचो, ते चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "जवळ आले, पन हे मी नाही, हा तुमच्या मनातला किरिस्ताव हाये." मग पुन्हा पहिल्यापासून. ते कर्माचा सिद्धान्त मांडायचे तेव्हा मीही त्यांना असाच छळायचो.

आमचा सगळ्यात जुना वाद क्रूसाचा. मी म्हणायचो, "एकाचं पाप दुसऱ्याच्या अंगावर कसं जाईल? औषध मी प्यायचं आणि ताप तुमचा उतरायचा?" त्यांना हे फार आवडायचं. मोठ्याने हसायचे. मग म्हणायचे, "औषधाचं नाही ते, माफीचं हाये. ज्याले लागलं त्यालेच माफ करा लागते, आन् माफ करनाऱ्याले दुखतेच. ते दुखनं देवानं सोताच्या अंगावर घेतलं, येवढंच मी म्हनतो." मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण पटत नसलेलं इतक्या शांतपणे ऐकून घेण्याची जागा मला आयुष्यात ती एकच मिळाली.

पुढे माझी मुलगी मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली. कंपाउंडर रोज दुपारी येऊन तिला पाहून जायचे. एके दिवशी ती हाकेला ओ देईना, तेव्हा मी दार आतून लावून घेतलं आणि त्यांना म्हणालो, "भाऊ, तुमच्या येशूजवळ मागा हिच्यासाठी." घरात मी, बायको आणि ते, एवढेच होतो. 

"मागतो, मास्तर. पन ताप उतरेलच असं मी म्हनत नाही. माह्या पोराचा नव्हता उतरला." त्यांना मुलगा होता आणि तो गेला, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग खाटेशी गुडघे टेकून ते हळू आवाजात बोलत राहिले. बायकोने पदर डोक्यावर घेतला होता. मी दाराच्या कडीकडे बघत होतो.

मुलगी बरी झाली. त्यांनी एकदाही त्या दुपारची आठवण काढली नाही. डॉक्टरचं औषध लागू पडलं म्हणाले.

पण माझं रोजचं दवाखान्यात बसणं गावाच्या डोळ्यांवर आलंच होतं. बाजारात टोमणे सुरू झाले. "मास्तर, बाप्तिस्म्याचं पानी कधी पडून राहिलं डोक्यावर?" "शाळेत आता प्रभूची प्रार्थना काय जी?" शाळेच्या कमिटीतल्या एका व्यापाऱ्याने तर हसत हसत सांगितलं, "गनपतीत एक वादविवाद ठेवू. तुम्ही आन् ते. लोकायले बी कळू द्या तुम्ही कोन्या बाजूचे."

मीच कंपाउंडरना बोलवायला गेलो. "लोकासमोर नको, मास्तर," ते म्हणाले. "बाकावरचं बाकावर बरं."

"आपला नियम पाळू ना. माझा शब्द आहे."

या शब्दावर ते गणपतीच्या मांडवात आले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आधी बोलायची पाळी त्यांची होती. त्यांनी कर्माबद्दल आम्ही काय मानतो ते असं मांडलं, की पुढे बसलेले म्हातारे माना डोलवायला लागले. मग म्हणाले, "मी इथं थोडा येगळा पडतो," आणि आपलं म्हणणं चार वाक्यांत सांगून बसले.

मी उठलो. समोर कमिटीचा व्यापारी बसला होता. नियमाप्रमाणे मी आधी त्यांचं म्हणणं सांगायला हवं होतं. मला ते येत होतं. त्या गावात मला एकट्यालाच येत होतं. मी औषध-तापाचं वाक्य टाकलं. हशा पिकला. बाकावर ज्या वाक्याला ते स्वतः हसायचे, त्याच वाक्यावर आता सगळा मांडव त्यांना हसत होता. त्या हशाने माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हणालो, "यांचं म्हणणं आहे की येशूकडे मागितलं की ताप उतरतो. मग यांच्या स्वतःच्या पोराचा का नाही उतरला, ते विचारा!"

टाळ्या पडल्या.

ते उभे राहिले. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता: मास्तर, तुमच्या मुलीच्या खाटेशी मला गुडघे टेकायला कोणी सांगितलं? माझी शाळा, माझी गावातली जागा, सगळं त्या एका वाक्यावर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मास्तर, हे माहं म्हननं नव्हतं," एवढंच म्हणाले. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी मात्र ऐकलं. ते खाली बसले, आणि लोक म्हणाले, बोलती बंद झाली.

घरी बायकोने ताट वाढलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "त्यायनं सांगतलं असतं तं?" त्यानंतर त्या विषयावर ती जन्मभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या गोटमारीला रक्ताने माखलेला एक जण दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरला. "यायच्या पट्टीनं काय होते? मास्तर म्हनते, घरचाच ताप नाही उतरला." आजूबाजूचे हसले. कंपाउंडर कापूस हातात धरून उभे होते. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. पलीकडेच राहिलो. वर्ष सरायच्या आत त्यांनी स्वतःहून मागून नागपूरला बदली घेतली.

मग राज्यांची नवी आखणी झाली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे हिंदी मुलखाच्या राज्यात राहिलो. माझी बदली सौंसरला झाली आणि शाळेचे कागद हिंदीत येऊ लागले. लोक म्हणायचे, हद्द पडली. मला ती सोयीची झाली. परराज्यात उगाच कोण जातं, असं मी स्वतःला सांगू शकत होतो. गावात माझा मान वाढला होता. सगळ्यांना माझं म्हणणं पटायचं. माझं म्हणणं खोडायला कुणी उरलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी एकदा गेलो. सौंसरची संत्री पिशवीत घेऊन नागपूरची बस पकडली. ते खूप वाळले होते. दारातच म्हणाले, "या मास्तर. पोरगी कशी हाये?"

बरी आहे म्हणालो. लग्न झालं, दोन लेकरं आहेत. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, बाकावर हलवायचे तशीच. मग मी संत्र्याच्या बहाराबद्दल बोललो, हिंदी कागदांबद्दल बोललो, बसच्या गर्दीबद्दल बोललो. त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

"मास्तर, काही सांगायचं होतं का?"

"नाही जी. बस निघून जाईल."

ते फाटकापर्यंत सोडायला आले. पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा त्या घरात दुसरे लोक राहत होते. ते कधी वारले, हेही त्या लोकांना नीट सांगता आलं नाही.

संत्री घेऊन गेलो त्या दिवशी बसमध्ये मी जे घोकत गेलो होतो, ते असं:

भाऊ, आधी तुमचं म्हणणं सांगतो. मागितलं की ताप उतरतोच, असं तुम्ही कधीच म्हटलं नाही. तुम्ही म्हणता, ज्याला लागलं त्यालाच माफ करावं लागतं, आणि माफ करणाऱ्याला दुखतं. त्या मांडवात तुम्ही ते माझ्यासाठी केलं. बरोबर सांगितलं असेल तर मान हलवा. आता माझं. मी चुकलो, भाऊ. मला माफ करा.