नवरा-बायकोला एका कॉलेजात घेत नाहीत

मी सांगितलेल्या गोष्टीतलं किती खरं धरायचं, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. माहेरी, विश्रांतवाडीला, वडील निम्मं धरतात. सासरी, वारज्याला, सासूबाई पाव धरतात आणि उरलेल्या पाऊण भागावर पोटभर हसतात. नवरा असलं काही मोजत बसत नाही. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघतो आणि खरं काय ते त्याला कळतं. हा त्याचा फार वाईट गुण आहे.

तो स्वतः खोटं बोलत नाही. म्हणजे, बोलत नव्हता. तेच तर सांगायचंय.

एमबीबीएसला आम्ही एकाच बॅचला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्याला विचारलं, "पेशंट नीट तपासलास ना?" हा म्हणाला, "नाही सर, पोट तपासायचं राहिलं." वैद्यकशास्त्र सुरू झाल्यापासून असं उत्तर कुणी दिलेलं नाही. परीक्षकांच्या हातातला चहा थेट पेशंटच्या पोटावर सांडला, आणि पोट दुखतंय की नाही ते आपोआप कळलं. त्याला पास केलं. बहुधा घाबरून.

लग्नाच्या वेळी हाच गुण कामाला आला. आमचं घर बौद्ध. त्यांचं वारज्याच्या मूळ गावातलं, शेतीवाल्यांचं. शेतात आता सातमजली इमारती उगवल्यात, पण भावकी अजून तळमजल्यावरच आहे. बैठक बसली. एक चुलते म्हणाले, "त्या पोरीनं नादाला लावलंय याला." हा म्हणाला, "नाही काका, मीच मागे लागलो होतो. ती हो म्हणत नव्हती." सासूबाई उठल्या. "माझं पोरगं खोटं बोलत न्हाय. झालं तर मग. च्या टाकते." बैठक संपली. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि त्या माझ्यासारखं फुगवून सांगत नाहीत.

पुढच्या डिग्रीच्या, पीजीच्या, प्रवेश परीक्षेचा अभ्यास आम्ही सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत केला. तिथल्या जिन्यात उभं राहून एकदा मीच जाहीर केलं होतं, "जिथे जाऊ तिथे दोघं! एक कॉलेज म्हणजे एकच कॉलेज!" इतक्या जोरात, की वर वाचत बसलेली सगळी पोरं एका सुरात "शूऽऽ" म्हणाली. त्याने नुसती मान हलवली. त्याची हललेली मान म्हणजे स्टँपपेपर.

मग निकाल लागला. माझा नंबर चांगला, त्याचा मधला. मला हवी होती सर्जरी आणि ती इथेच, पुण्यात, सरकारी कॉलेजात मिळत होती. त्याला हवं होतं बालरोग. पुण्यात त्याच्या नंबरला ते मिळेना. मिळत होतं मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. तिथे सर्जरी मलाही मिळाली असती, पण छोटी. मोठी ऑपरेशनं असली की तिथले पेशंट उचलून पुण्यालाच पाठवतात. म्हणजे हिशोब सरळ होता. एकत्र राहायचं तर पुणं मी सोडायचं.

माझ्या लहानपणी वडील मला स्कूटरवर पुढे उभी करून त्या पुण्याच्या कॉलेजच्या फाटकावरून न्यायचे. फाटक आलं की फक्त वेग कमी करायचे.

तरी आम्ही दोघं मराठवाड्यातलं ते कॉलेज बघून आलो. आणि काय सांगू, कॉलेज चांगलं निघालं! दारात कडुनिंब, वॉर्डात स्वच्छ फरशा, हॉस्टेलच्या मेसमध्ये गरम ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बालरोगच्या मॅडमनी त्याला प्रेमाने बसवून घेतलं, मलाही "या की तुम्ही दोघंही" म्हणाल्या. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून हसत होता. मी पुणं किती किलोमीटर उरलं ते मोजत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी ताटं वाढली आणि विचारलं, "कसं हाय गं कॉलेज?"

मी सुटलेच. "आई, काय विचारता! पाणी पंधरवड्यातून एकदा येतं, तेही मनात आलं तर. हॉस्टेलचा पंखा इतका हळू फिरतो की कबुतर त्याच्यावर बसून चक्कर मारून येतं. विंचवांची तर सकाळी हजेरी घेतात. आणि बिबट्या! बिबट्या सरळ ओपीडीच्या रांगेत उभा राहतो. केसपेपर तेवढा काढत नाही."

माझा डाव सोपा होता. हे ऐकून सासूबाई म्हणतील, अगं बाई, तू कशाला मरायला जातीस तिकडं, तू ऱ्हा हितंच. म्हणजे पुणं मी मागितलं नाही, त्यांनी दिलं, असं होणार होतं. तो समोर जेवत होता. एकदाही वर बघितलं नाही.

सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "आगं, मंग तर तू जाच त्याच्यासंगं. असल्या ठिकाणी पोरगं एकटं कसं ऱ्हाईल?"

"आई, सगळंच काही खरं नाही..."

"ठावं हाय की. पण पाव बिबट्या म्हणलं तरी ते मोठं जनावर हाय."

जेवण झाल्यावर खाली पार्किंगमध्ये, गाडी पुसायच्या निमित्ताने, त्याने मला गाठलं.

"एवढा बिबट्या आणण्यापेक्षा, 'मला पुण्यात राहायचंय' एवढंच म्हण ना."

"मला नाही राहायचं!" मी म्हणाले. "ठरलंय ना आपलं? एक कॉलेज म्हणजे एकच कॉलेज!"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी फडकं घेऊन आधीच चकचकीत असलेला आरसा पुसला. ते एक वाक्य मला बोलता आलं नाही. बिबट्या येतो, कबुतर येतं, ते येईना. ते बोलले असते तर मी शब्द मोडणारी ठरले असते, आणि ज्याने माझ्यासाठी भावकी अंगावर घेतली, त्याच्याशी. न बोलून मला शब्दही पाळायचा होता आणि पुणंही हवं होतं. दोन्ही.

कॉलेजांचे पसंतीक्रम भरायची मुदत संपत आली. एका सकाळी पोहे खाताना तो आईला म्हणाला, "आई, आम्हाला एकत्र नाही जाता येणार. नियम आहे. नवरा-बायकोला एका कॉलेजात घेत नाहीत."

माझ्या हातातलं लिंबू तसंच राहिलं.

"असला कसला रं नियम? नवरा-बायको म्हंजी काय चोर हायती?"

"एकत्र असले की अभ्यास करत नाहीत म्हणतात."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते बी खरंच हाय," म्हणाल्या.

त्याचे कान लाल झाले होते. इतकी साधी थाप, धड रंगवलेलीही नाही. मी एका दमात ती उघडी पाडली असती. पण त्यांनी ती पूर्ण धरली, कारण ती त्याने सांगितली होती. आख्ख्या आयुष्यात साठवलेलं खरं त्याने माझ्या एका सीटपायी घालवलं, आणि मी काय केलं? पोह्यांवर लिंबू पिळलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते. पोहे चांगले लागले.

तो गेला. सासूबाईंनी त्याच्या सामानात दोन बरण्या लोणचं, एक मोठी बॅटरी आणि वेताची काठी बांधली. बिबट्यासाठी. त्याने मुकाट्याने नेली.

आता तो तिकडे लेकरांना सलाइन लावतो आणि मी इकडे सर्जरीच्या टेबलाशी उभी असते. ऑपरेशनं मोठी मिळतात. परवा एक पोट उघडलं ते इतकं मोठं, की... असो, पोटच होतं. वडील अजूनही फाटकाशी वेग कमी करतात. आता, मी माहेरी असले की, मला सोडायला.

आणि सासूबाई तो नियम गल्लीभर सांगत फिरतात. दूधवाल्याला, भाजीवालीला, मंदिरात, मयतीला. "सरकारला काळीज न्हाय," असं त्यांचं मत झालंय. मी दर वेळी तिथून उठून जाते.

गेल्या रविवारी उठता आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू पेढे घेऊन येणार होत्या, त्या हात हलवत आल्या. त्यांची मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, वर्गातल्याच मुलाशी लग्न ठरलंय. काकू म्हणाल्या, "लग्न पुढे ढकलतोय. पीजी होईपर्यंत नकोच. नाहीतर तुमच्यासारखी ताटातूट. पोरगी म्हणते असा नियमच नाही, पण तिला काय, तिला लग्नाची घाई."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "काकू," मी म्हणाले, "असा नियम नाही. कधीच नव्हता."

दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

"हिचं काय ऐकता," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हिच्या गोष्टीत बिबट्या रांगेला असतोय. थांबा, त्यालाच इचारू."

फोन लावला, स्पीकरवर. तो वॉर्डात होता, मागे एक बाळ रडत होतं.

"खरं सांग रं. नवरा-बायकोचा तो नियम हाय का न्हाय? तुझी बायको म्हणती नव्हताच."

पलीकडे नुसतं बाळ रडत राहिलं. मला वाटलं, आता त्याचे कान लाल झाले असतील.

"होता आई," तो म्हणाला. "यंदा काढून टाकला."

किती सहज! काकूंच्या मुलीचं लग्न वाचलं, आईचा विश्वास राहिला, मीही सुटले. एका दगडात तीन पक्षी. मी शिकवलं असतं तरी इतकं साफ जमलं नसतं. आणि शिकवलं मीच होतं.

काकू पेढे आणायला पळाल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "बघ, नियम होता." मग फोनकडे वळून, "काढलाय तर मंग हिला आता तिकडं घेतील का रं?"

"नाही आई. एकदा सीट घेतली की मधेच बदलता येत नाही."

हे मात्र खरं होतं.

"घे, बोल त्याच्याशी," सासूबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. स्पीकर तसाच चालू.

मी म्हणाले, "मला पुण्यातच राहायचं होतं रे."

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. "ऐकलंस का रं? म्हणती, पुण्यातच ऱ्हायचं होतं! रोज तुझ्या ताटात जेवती, आन् म्हणती पुण्यातच ऱ्हायचं होतं!"