जैतूची साक्ष

पावसाळ्यात उल्हास नदीवर सहलीची माणसं येतात. त्यांतलं एखादं परत जात नाही. मग हवालदार शेलूच्या पलीकडच्या कातकरी वाडीवर येतो आणि गाडीतूनच हाक मारतो, "जैतू, चल रं."

जैतू पन्नाशीचा, काटक. शोधपथकाच्या बोटीतली माणसं गळ टाकून थकली की तो कमरेला दोर बांधून उतरायचा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. कपारी, झाडांची मुळं, दगडांमागच्या पोकळ्या तो हातांनी चाचपायचा. "आधी केस लागतात हाताला," एवढंच तो सांगे. आजवर तो रिकामा वर आला नव्हता. लोक म्हणत, जैतूच्या हाताला गुण आहे.

पूर्वी उतरण्याआधी त्याला क्वार्टर लागायची. ज्या नदीतून तो मेलेली माणसं काढी, तिच्यातच चर्चच्या पाळकांनी त्याला बुडवून वर काढलं, बाप्तिस्मा दिला, आणि दारू सुटली. हवालदाराला याची गंमत वाटे. "तुझ्या येशूला सांग बाबा, माझी ड्युटी संपायच्या आत काढून दे म्हणावं." जैतू हसून पाण्यात शिरायचा. प्रार्थना तो वर आल्यावर करायचा. प्रेत काठावर ठेवून, सगळ्यांसमोर, गुडघे टेकून.

रविवारी वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी जमे. गाणी झाली की ज्याला वाटेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. जैतूची साक्ष ठरलेली. दोन्ही हात वर करून तो म्हणे, "प्रभूनं या हातांना यश दिलंय. आजपतूर मी रिकामा वर आलो नाय." सगळे आमेन म्हणत. सर्वांत मोठा आवाज त्याच्या मुलाचा, रोहिदासचा.

एकदा पाळकबाबा म्हणाले, "जैतूभाऊ, तुमच्या साक्षीत हात पुढं असतात आणि प्रभू मागं राहतो."

मंडळी हसली. जैतूही हसला. त्याला वाटलं, बाबा कौतुकच करताहेत.

रोहिदास शेलूला नव्या इमारतींवर फरशी बसवायला जायचा. वाडीतला मंगळ्या त्याच्याबरोबर असे. जुलैतल्या एका संध्याकाळी मंगळ्या एकटाच आला, भिजलेला, पायांत एकच चप्पल. तो अंगणातच उभा राहिला.

"रोहिदास कुठं हाय?" कोंडीनं, जैतूच्या बायकोनं विचारलं.

"साकवावरनं पाणी चाललं हुतं, काकी. आमी थांबलो हुतो. सगळी थांबली हुती. मी म्हनलं, नको जाऊ रं."

"मग?"

मंगळ्यानं जैतूकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "तो हसला. म्हनला, मी जैतूचा पोर हाय. गेलोच तर बा हाय ना, काढंल मला."

जैतू तसाच उठून नदीकडं पळाला.

तो त्या संध्याकाळी उतरला, दुसऱ्या दिवशी उतरला, बोटी परत गेल्यावरही उतरत राहिला. साकवापासून खालच्या डोहापर्यंत त्यानं प्रत्येक कपार चाचपली. बोटांची सालं निघाली. हाताला केसांसारखं काही लागलं की तो ओढून वर आणी, आणि ते शेवाळ असे, नाहीतर कुणाच्या साडीची चिंधी. पाणी उतरलं, दगड उघडे पडले. रोहिदास सापडला नाही.

कोंडी काठावर बसून असे. एका दुपारी तो वर आला तेव्हा तिनं त्याचे दोन्ही हात मनगटाशी धरले. "मुंबईवाल्यांची पोरं काढलीस. कुणाकुणाची काढलीस. आन माझा?" ती हात हलवत राहिली. "मला पुरायला तरी दे रं."

त्या दिवसानंतर त्यानं शोध थांबवला.

पाळकबाबा स्मरणाची प्रार्थना घ्यायला आले. शवपेटी नव्हती, खड्डा नव्हता. शेडमध्ये रोहिदासचा धुतलेला शर्ट घडी घालून ठेवला होता. वाडीतले, मंडळीत न येणारे लोकही दाराशी उभे होते. कुणीतरी पुटपुटलं, "दुसऱ्यांना पावला, याला नाय पावला." जैतूनं ते ऐकलं. तो उभा राहिला. या वेळी हात वर गेले नाहीत.

"मी लई साक्ष दिली," तो म्हणाला. "देवाचं नाव घ्यायचो आन हात माझे दाखवायचो. माझ्या पोरानं ते खरं मानलं. मी माझे हात पक्की जागा म्हनून दाखवले, त्यानं तितं पाय ठेवला. आता हातात कायपन नाय. मला तो घावला नाय. पर मला घावला नाय म्हंजे प्रभूलाबी घावला नाय, असं नाय. तेवढंच धरून हाय मी. दुसरं कायपन नाय माज्यापाशी."

आमेन कुणी म्हटलं नाही. कोंडी उठली, शर्ट छातीशी धरून बाहेर निघून गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा हवालदार पुन्हा आला. या वेळी त्यानं गाडीतून हाक मारली नाही. खाली उतरून, टोपी काढून तो अंगणात आला. खालापूरकडं, कुंभिवलीच्या पुढं पाताळगंगेत एक कॉलेजचा मुलगा बुडाला होता. "नको वाटत असंल तर नाय म्हण, जैतू. मी सांगतो साहेबांना."

जैतूनं दोर खांद्यावर घेतला. कोंडीही गाडीत बसली. ती पूर्वी कधी गेली नव्हती.

काठावर मुलाची आई होती. ती जैतूच्या पायाशीच वाकली. "तुम्ही कधी रिकामे येत नाही म्हणतात. आणाल ना हो त्याला?"

"उतरतो, ताई," जैतू म्हणाला. "आणीन म्हणून सांगवत नाय."

मग तो पाण्याच्या कडेला चिखलात गुडघे टेकून बसला. ओठ हलले नाहीत. हवालदारानं तोंड फिरवलं. जैतू उठला आणि आत शिरला.

दोर सुटत गेला, ताणला, सैल पडला. बऱ्याच वेळानं डोकं वर आलं. त्यानं दोन्ही हात पाण्याबाहेर काढून त्या बाईला दाखवले. काही नव्हतं. श्वास घेऊन तो पुन्हा खाली गेला.

"तुमचे कोण ते?" बाईनं कोंडीला विचारलं.

"मालक हायत माजं."

"सापडतात का त्यांना?"

कोंडी पाण्याकडं बघत राहिली. "आमचा नाय सापडला."

बाईनं दचकून तिच्याकडं पाहिलं. "मग अजून उतरतात कसे?"

"ते त्यांनाच ठावं," कोंडी म्हणाली. थोड्या वेळानं ती सरकून बाईच्या जवळ बसली आणि हवालदाराच्या हातातून दोराचं टोक तिनं आपल्या हातात घेतलं.