मोडीतल्या तीन वह्या

सई, निनाद, पणजोबा, म्हणजे माझे अप्पा, लढाईत काय करत होते, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मला सांगता आलं नाही, म्हणून काल पुराभिलेखागारात जाऊन आले.

तिथे त्यांच्या पलटणीतल्या एका गोऱ्या कप्तानाची डायरी आहे. तिथली कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी ती मऊ उशीवर ठेवली, सुती फीत सोडली आणि झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं एकेक पान उलटलं. कप्तानाने चहाबद्दल लिहिलंय, डासांबद्दल लिहिलंय, कुत्र्याचं तर नावही लिहिलंय. नदी ओलांडताना एका मराठा हवालदाराने आपल्याला पाण्यातून ओढून काढलं, हेही लिहिलंय. त्या हवालदाराचं नाव मात्र नाही. ते माझे अप्पा असतील, किंवा नसतीलही.

"घरी त्यांचे काही कागद असतील ना, आजी?" बाईंनी विचारलं.

होते. मोडीत लिहिलेल्या तीन वह्या. अप्पा गेल्यावर ट्रंक आवरताना मीच त्या रद्दीत काढल्या.

"अगं, कुणाकडून वाचून तरी घे," आई म्हणाली होती.

"आई, ही लिपी आता कोण वाचतंय?" मी इंग्रजीत एम.ए. झाले होते. मोडी शिकवणारे मास्तर आमच्याच आळीत राहत होते.

साहेबाने एक नाव गाळलं, त्याचा राग करायला मला तोंड नाही.

कप्तानाची डायरी शाबूत आहे. अप्पांच्या हातची पेन्शनच्या कागदावरची मोडी सही तेवढी उरली आहे, आणि ती मला वाचता येत नाही.