पाठ झालेला तक्ता

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे नंबरताई म्हणत. चष्म्याचे नंबर काढण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. लांबट, अंधारी खोली. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता, आणि खुर्चीशेजारी ती, हातात भिंग घेऊन. "हे बरं, की हे?" असं ती इतक्या मवाळपणे विचारायची, की घाबरलेली म्हातारी माणसंही तिच्यापुढे खरं बोलून जात. दुकानात नवऱ्यासमोर दोन शर्ट धरले तरी तिच्या तोंडून तेच निघे. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि थट्टा करायचा. एक डोळा हाताने झाकून तो म्हणे, "डावा जरा बरा वाटतोय. पण परत एकदा दाखवा, ताई."

तिची आणखी एक ख्याती होती. बाहेरच्या बाकावरून, दार उघडलं की, तक्ता दिसायचा. ज्यांना वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी दाखला हवा असे, त्यांतले काही जण बाकावर बसूनच अक्षरं पाठ करून येत. ते घडाघडा म्हणायला लागले, की नंबरताई काही न बोलता तक्ता फिरवायची. मागे दुसरी अक्षरं होती. मग खोलीत जी शांतता पसरे, तिच्यावर दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत हशा पिकायचा.

असाच एकदा शाळेच्या बसचा चालक सापडला. पन्नाशीचा, धिप्पाड, केस नीट विंचरलेले. चारही ओळी त्याने कवितेसारख्या म्हटल्या. तिने तक्ता फिरवला. तो दुसऱ्या ओळीशीच अडला. दार उघडंच होतं, बाहेर आठ-दहा माणसं होती.

"काका, पाठ करून डोळे सुधारत नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "बसमध्ये मुलं असतात ना तुमच्या?"

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. चालकाचे कान लाल झाले. "पाठ नव्हतं केलं हो, ताई," तो पुटपुटला. "बसल्या बसल्या डोक्यात बसलं."

हे वाक्य तिने जेवताना त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं. सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली.

ही गोष्ट वसंतातली. त्याच सुमाराला तिने प्रवेश परीक्षेचं पुस्तक आणलं होतं. पदवी झाली तेव्हाच तिला पुढे शिकायचं होतं, पण वडील अंथरुणाला खिळले, मग लग्न, मग लेक, आणि शिकायचं ते राहूनच गेलं. बेचाळिसाव्या वर्षी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विषय काढला. विद्यापीठात दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, नोकरी सांभाळून करता येण्यासारखा. प्रवेश परीक्षेत गणित, तर्क आणि उताऱ्यावरचे प्रश्न. "तू दे परीक्षा. शिफारसपत्र मी लिहिते," बाई म्हणाल्या, आणि अभ्यासासाठी तिला दर शनिवारी सुट्टी दिली. शनिवारचं तिचं काम तिची धाकटी सहकारी करू लागली. त्या सहकारीचं लेकरू जेमतेम दोन वर्षांचं होतं.

पुस्तकात पाच सराव चाचण्या होत्या. ती पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे, पेन्सिलीने उत्तरांना गोल करी, मागची उत्तरं काढून स्वतःच तपासी. पहिल्या फेरीत सरासरी एकावन्न आली. तिने खोडरबराने सगळे गोल पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अडुसष्ट. पुन्हा पुसलं. ब्याऐंशी. चौथ्या फेरीत एक्याण्णव.

नवऱ्याने हे आकडे कपाटाच्या दाराला आतून, न पुसल्या जाणाऱ्या काळ्या पेनाने, एकाखाली एक लिहिले होते. त्याच पेनाने तो लिफ्टच्या तारांवर खुणा करायचा. एक्याण्णवच्या दिवशी त्याने साऱ्या भावंडांना फोन केले. सासूबाईंनी संध्याकाळचा स्वयंपाक कधीच आपल्याकडे घेतला होता, त्या शेजारणीला जिन्यातच गाठून म्हणाल्या, "आमची सून शंभरात एक्याण्णव काढते. आणि मी तिच्या वयाची असताना चष्मा शोधत फिरायचे, डोक्यावर असायचा!" डॉक्टरीणबाईंना तर तिने स्वतःच सांगितलं. न विचारता.

पुढच्या रविवारी सकाळी लेक म्हणाली, "आई, आज मी प्रश्न वाचते, तू तोंडी सांग. मज्जा येईल." लेक सोळा वर्षांची, हातात पुस्तक, पाय खुर्चीवर. सासूबाई मटार सोलत होत्या.

"प्रश्न एकोणीस. एका वर्गातल्या चाळीस मुलांपैकी..."

"ड."

"अगं, पूर्ण तर होऊ दे!"

"ड आहे ना पण?"

"ड आहे," लेक हसत म्हणाली. पुढच्या दोन प्रश्नांना तेच झालं. मग लेकीचं हसू थांबलं. तिने पान उलटलं, क्षणभर विचार केला आणि सावकाश वाचलं, "प्रश्न सव्वीस. एक काम नऊ माणसं वीस दिवसांत करतात, तर तेच काम बारा माणसं किती दिवसांत करतील? पर्याय अ, अठरा. ब, पंधरा..."

"अ. अठरा."

लेकीने पुस्तकावरून मान वर केली.

"काय झालं?"

"आई, पुस्तकात दहा माणसं आहेत. बारा मी मुद्दाम म्हटलं. आता उत्तर पंधरा येतं."

"उत्तर आलं ना? मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या.

नंबरताईच्या मानेपासून कानापर्यंत काहीतरी गरम चढत गेलं. कोणीतरी तक्ता फिरवला होता, आणि खुर्चीत ती बसली होती.

सगळ्यात वाईट हे, की तिला ठाऊक होतं. तिसऱ्या फेरीतच एकदा, प्रश्न वाचून व्हायच्या आधीच हात गोल करून मोकळा झाला होता. ती थबकली होती. मग स्वतःला म्हणाली होती, वेग वाढलाय. कुणी दुसरं पुस्तक आण म्हटलं, तर म्हणायची, हे आधी पक्कं होऊ दे. एकोणीस वर्षं माणसांची लबाडी त्यांच्या नुसत्या आवाजावरून ओळखणारी बाई, स्वतःचा आवाज तिने ऐकूनही न ऐकल्यासारखा केला होता.

लेकीने कॉलेजच्या वाचनालयातून दुसरं पुस्तक आणलं. पहिल्या चाचणीला नंबरताई घड्याळ लावून बसली. चव्वेचाळीस आले. म्हणजे चार महिन्यांपूर्वीच्या एकावन्नपेक्षाही सात कमी.

"बाबांना सांगायचं?" लेकीने विचारलं. तिने मान हलवली, नको. लेकीने नवं पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून शिफारसपत्र हातात दिलं. "वाच. आजच पाठवते." मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं : सराव चाचण्यांमध्ये यांना नव्वदहून अधिक गुण मिळत आहेत. खाली बाईंची सही.

सहीची शाई अजून ओली दिसत होती. नुसतं 'छान आहे' म्हटलं असतं तर भागलं असतं. बाहेर पडताना तिला काचेतून धाकटी सहकारी दिसली. भिंगं पुसता पुसता जांभई देत होती. पाच शनिवार, दहा शनिवार, तिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दारापर्यंत जाऊन ती परतली.

"बाई, हे वाक्य काढा."

"का? कमी लिहिलंय?"

"खोटं आहे. एकच पुस्तक चार वेळा सोडवलं मी. उत्तरं पाठ झालीत. नवीन पुस्तकात चव्वेचाळीस आले."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग इतके शनिवार तू करत काय होतीस गं?"

"पुसत होते आणि परत लिहीत होते."

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी पत्र घेतलं, मधोमध फाडलं आणि म्हणाल्या, "उद्या दुसरं लिहिते. शनिवारची सुट्टी आता एक आड एक. तिलाही घर आहे."

"हो," ती म्हणाली.

घरी तिने कपाट उघडलं, नवऱ्याचं काळं पेन घेतलं आणि एक्याण्णवच्या खाली स्वतःच्या हाताने चव्वेचाळीस लिहिलं. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं. सासूबाई शेजारणीचं काय करायचं या चिंतेत पडल्या. नवऱ्याने कपाटाचं दार उजेडाकडे ओढलं. "वरचा आकडा तारपीन लावून घासून काढतो," तो म्हणाला.

"राहू दे. रोज दिसू दे."

पंधरा दिवसांनी शाळेच्या बसचा चालक तपासणीला आला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाला, "ताई, या खेपेला बाहेर पाठ करून बसलो होतो. बाकावर, तक्त्याकडे पाठ फिरवून."

तिने आधी जाऊन दार लावलं. मग त्याच्यासमोर उभी राहिली. "काका, त्या दिवशी दार उघडं ठेवून बोलले मी. तसं बोलायला नको होतं. नंतर जेवताना तुमची नक्कलही केली."

चालक गोंधळला. "अहो, बरं झालं पकडलंत. पोरं असतात बसमध्ये." थोडा थांबून त्याने विचारलं, "चांगली केलीत का नक्कल?"

"हुबेहूब," ती म्हणाली, आणि तिला त्याच्याकडे बघवेना. तिने भिंगांची पेटी उघडली. "वाचा. दिसत नसेल तर अंदाज नका करू. नाही दिसत म्हणा."

तो वाचू लागला. तिसऱ्या ओळीत मधलं अक्षर त्याला दिसेना. "नाही दिसत," तो म्हणाला.

"बरं," नंबरताई म्हणाली, आणि तिने भिंग बदललं.