बंदुकीपाशी झोपायला माणूस

बंदुकीपाशी कुणीतरी झोपलंच पाहिजे, हा ठराव आमच्या घरात भूकंपानंतर चौथ्या दिवशी झाला. पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दोन्ही चुलते बाजेवर बसले होते. आई तिथं नव्हती, ती गोवऱ्या आणायला गेली होती. आमचं गाव औशाच्या अलीकडचं. घर पडलं नव्हतं, पण भिंतींना हात आत जाईल एवढ्या भेगा गेल्या होत्या. जमीन रोज एक-दोनदा तरी हलायची आणि अख्ख्या तालुक्यात कुणी छपराखाली पाठ टेकत नव्हतं. पण अण्णांची दुनळी बंदूक घरात होती, आणि ती उघड्यावर ठेवणं बेकायदा होतं. तेव्हा बंदूक आतच राहील आणि तिच्या राखणीला आई आत झोपेल, असं ठरलं.

आई गोवऱ्या घेऊन आली तेव्हा तिला फक्त सांगण्यात आलं.

अण्णांना परवाना मिळाला होता रानडुकरांसाठी. किती डुकरं पडली मला माहीत नाही, मी तरी एकही पडलेलं पाहिलं नाही. पण परवान्याच्या अटी मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाल्या, कारण घरात पाहुणा आला की अण्णा त्या म्हणून दाखवायचे. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवायची. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. परवानाधारकाशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हरवली, चोरीला गेली, तर लगेच ठाण्यात कळवायचं. अण्णा या अटी अगदी काटेकोर पाळायचे. बंदूक माजघरातल्या भिंतीत बसवलेल्या कपाटात, काडतुसांची लोखंडी पेटी पलीकडच्या खोलीत, आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या करदोड्याला. गावात त्यांना लोक नियमाचा माणूस म्हणायचे आणि ते ऐकून ते खूश व्हायचे.

म्हणजे आई ज्या कपाटाची राखण करायची, त्याची किल्ली तिच्याकडं नव्हती. चोर आला असता तर तिनं करायचं काय होतं? ओरडायचं, एवढंच. कायद्यानं तिला त्या बंदुकीला बोट लावायचा अधिकार नव्हता, पण तिच्याशेजारी भिंतीखाली दबून मरायला कुणाची हरकत नव्हती. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला एवढंच कळत होतं की आत झोपायची पाळी माझ्यावर आलेली नाही.

अण्णा स्वतः का झोपले नाहीत आत? परवाना तर त्यांच्या नावचा होता. हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच धाकट्या चुलत्यानं उत्तर देऊन टाकलं, की घरच्या कर्त्या माणसाला काही झालं तर पोरांनी कुणाकडं बघायचं. असली वाक्यं ते दुसऱ्याकडून वदवून घ्यायचे आणि आपण मान खाली घालून बसायचे. त्या मान खाली घालण्याचा मला आजही संताप येतो.

आई मुकाट्यानं गेली असं कुणी समजू नये. तिनं एकदा विचारलं. निवडणूक लागली की परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात, तेव्हा अण्णा नवं धोतर नेसून बंदूक जमा करायला जायचे आणि पावती घेऊन यायचे. आई म्हणाली, तसं आता ठेवता येणार नाही का. अण्णा म्हणाले, “विलेक्शनशिवाय कोण ठेवून घेतंय? सरकारचं काय गोदाम हाय का ते?” आईला शाळा माहीत नव्हती, ठाणं त्याहून माहीत नव्हतं. तिनं मान डोलावली आणि वळकटी उचलली.

त्या वर्षीच्या दसऱ्याला बंदूक बाहेर आली. शेडमध्ये पाट मांडून, हळदकुंकू वाहून तिची पूजा झाली, लोक पाया पडले, अण्णांनी तिला तेलाचा हात दिला. दिवसभर ती त्याच शेडमध्ये होती, जिथं ती ठेवणं बेकायदा होतं म्हणून आई तीन आठवडे आत झोपत होती. दिवस मावळला तशी बंदूक पुन्हा कपाटात गेली आणि मागोमाग आईही माजघरात गेली.

आठवड्याभरानं सकाळी ती पांघरुणाची घडी घालत असताना धक्का बसला. फार मोठा नव्हता. शेडमध्ये तांब्या हलला तेवढाच. पण आत दारावरचा एक दगड सुटून तिच्या डाव्या खांद्यावर पडला. अण्णा धावत आत गेले, आणि त्यांनी आधी कपाटाची कडी ओढून पाहिली. मी हे रागाच्या भरात रचून सांगत नाही, मी त्यांच्या मागेच होते. कडी पाहिली, मग आईकडं वळले.

लातूरच्या दवाखान्यात जागा नव्हती. ज्यांची घरंच्या घरं गेली, पोरं गेली, अशा बाया व्हरांड्यात सतरंजीवर पडल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून आपला खांदा दुखतो म्हणायची आईला लाज वाटली. डॉक्टरला ती म्हणाली, मला काय झालं नाही, यांच्याकडं बघा. घाईघाईत प्लास्टर झालं आणि हाड वेडंवाकडं जुळलं ते कायमचंच. तो हात पुढं कधी डोक्याच्या वर गेला नाही, माझं लग्न होऊन मी नांदेडला येईपर्यंत तिची वेणी मीच घालत होते. आणि प्लास्टर घातल्यावर ती कुठं झोपली? माजघरात, बंदुकीपाशी. पुढच्या उन्हाळ्यात ती भिंत पाडून नवी बांधली तेव्हाच ते थांबलं.

भूकंपाच्या गोष्टी आमच्याकडं सगळे सांगतात. आमच्या घरात मात्र सांगितली जायची ती गोष्ट अशी, की एवढ्या धामधुमीतसुद्धा अण्णांनी कायदा मोडला नाही. आई चहा घेऊन यायची आणि आत जायची.

नंतर माझ्या धाकट्या भावानं लातुरात क्लास काढला. आधी भाड्याच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस पोरं, मग दोन बॅच, मग रस्त्यावर कोपऱ्या-कोपऱ्याला पोरांच्या फोटोंचे फलक आणि त्या सगळ्यांच्या वर याचा फोटो. गावाकडचं घर बंद झालं. लातूरला तीन मजली घर झालं, वरच्या दोन मजल्यांवर मुदखेड, माहूर, कुठून कुठून आलेल्या मुली भाड्यानं राहू लागल्या. अण्णा, आई आणि बंदूक तळमजल्यावर आले. भावाचं मला कौतुक नाही असं नाही. पण क्लासवाल्यांत एकमेकांना दाखवायची नवी खोड लागली होती, मोठी गाडी, गाडीत बंदूकवाला. घरची बंदूक असताना भाड्याचा बंदूकवाला कशाला, असं तो हसत म्हणायचा. अण्णा गेल्यावर त्यानं बंदूक आपल्या नावावर करून घ्यायचं ठरवलं.

तेराव्याला मी पुन्हा लातूरला गेले तर आईच्या खोलीत नवी पोलादी तिजोरी भिंतीत ठोकलेली. आकड्यांचं कुलूप, आत दोन कप्पे, एक बंदुकीला, एक काडतुसांना, दोन्हींना आणखी वेगळी कुलपं. भाऊ मला उघडून दाखवत होता. नवे नियम कडक आहेत म्हणाला, हमीपत्र लिहून द्यावं लागतं, पोलीस येऊन जागा बघून जातात. मी विचारलं, ही आईच्या खोलीत का. वर पोरींची ये-जा असते, हॉलमध्ये माणसं येतात, ही एकच खोली अशी आहे जिथं कायम कुणीतरी असतं, असं तो म्हणाला. मग आईकडं वळून म्हणाला, “परवाना माझ्या नावावर होईस्तोवर, दोन-चार महिन्यांचा तर सवाल हाय. तू हाईसच की घरी. जरा कुठं जाऊ-येऊ नको तेवढे दिवस.”

आई खाटेवर बसून होती. तिनं मान डोलावली. ती मान मी आधी पाहिलेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी शाळेत शिकवते, वकील नाही. पण परवानाधारक मेला की त्याची बंदूक घरात ठेवायचा हक्क त्याच्याबरोबर संपतो, एवढं कळायला वकिली लागत नाही. ती ताबडतोब ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडं जमा करायची, मग वारसानं अर्ज करायचा. भावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ठाण्यात आपली ओळख आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला न विचारता ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी ओळखबिळख काही काढली नाही, उलट आम्हालाच झापलं, की इतके दिवस घरात ठेवलीच कशी. दुपारी पंचनामा झाला. अण्णा ज्याच्याकडून काडतुसं घ्यायचे त्या नांदेडच्या दुकानात जमा करायचं ठरलं. ठाण्याचं पत्र आणि सोबत एक शिपाई मिळाला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आई म्हणाली, मीबी येते.

दुकान नांदेडच्या जुन्या भागात होतं. मालक सत्तरीच्या पुढचे, त्यांच्या वडिलांच्या आधीपासून घरात बंदुका दुरुस्त करायचं काम. त्यांनी बंदूक मोडून नळ्या उजेडाकडं धरून पाहिल्या, नंबर लिहून घेतला, काडतुसं मोजली, पावती फाडली. सगळं चहा येईस्तोवर उरकलं. आई पावतीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, हे असं इलेक्शन नसताना पण ठेवून घेतात का.

“हाव, कवाबी,” ते म्हणाले. “आमचा धंदाच हाय तो, भाभी. भूकंपाच्या साली तर तुमच्या भागातल्या लई बंदुका इथं पडून होत्या. लोकांला राहायला घर न्हाई, बंदूक कुठं ठेवतील?”

ते बोलतच राहिले, जुन्या गिऱ्हाइकाची आठवण निघाली म्हणून आपुलकीनंच. अण्णा त्या साली काडतुसं बदलून घ्यायला आले होते. यांनी त्यांना सांगितलं होतं, आणून टाका इथं, खुशाल पडू द्या. पण साहेब शानवाले. चार लोकांच्या बंदुकांत आपली ठेवायची नाही म्हणाले.

“म्हणले, गरज न्हाई, झोपायला माणूस ठेवलाय घरात,” दुकानदार म्हणाले. “ते मला आवडलं बघा. पगारी होता का गावातलाच कुणी?”

“मी होते,” आई म्हणाली.

दुकानदारांनी पेन खाली ठेवलं. शिपाई बाहेर बघू लागला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. ज्या दिवशी आईनं विचारलं त्या दिवशी नसेल, पण नंतर माहीत झालं होतं, आणि तरी ते गावी परत येऊन शेडमध्ये झोपले. फोटोला घातलेला हार आम्ही अजून काढलासुद्धा नव्हता. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं.

लातूरला परतताना आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं, ती रडतेय. ती रडत नव्हती.

महिन्याभरानं भाऊ कागद घेऊन आला. बंदूक त्याच्या नावावर व्हायला बाकी वारसांची ना-हरकत लागते. माझी सही तो मागणारच नव्हता इतक्या लवकर, आधी आईची. मी तेव्हा तिथंच होते. त्यानं कागद पाटावर ठेवला, पेनचं टोपण काढून दिलं. आई म्हणाली, मी सही करणार नाही. त्यानं समजावलं, मग चिडला, मग अण्णांच्या आत्म्याला काय वाटेल ते काढलं. आई तेवढंच म्हणत राहिली. शेवटी तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, हे हिनं भरवलंय तुझ्या डोक्यात.

“तिला मधी आणू नको,” आई म्हणाली. “तीबी भाइरच झोपली होती.”

मला राग आला. ठाण्यात मी गेले होते, पत्र मी आणलं होतं, भावाशी वाईटपणा मी घेतला होता. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, माझ्या हातात काय होतं, हे मला तिला सांगायचं होतं. ओठांवर आलेलं मी तसंच गिळलं. भाऊ तेव्हा अकराचा होता, आणि त्याला इतक्या वर्षांत मी हे बाहेर झोपणं एकदाही माफ केलं नव्हतं.