रविवार सोडून चालणारं इस्पितळ

"एकच वाक्य बोलायचंय, तिया. एवढंसं."

"तुझा शेंबूड मी पुसलाय, नीलो. मला पाठांतर नको शिकवूस."

"‘दोन्या आसुन्सियोननी रुग्णांसाठी आपलं दार उघडलं.’ झालं. मग खाली उतर, भाताचा डबा घे आणि घरी जा."

"कुठलं दार?"

"दार ते दार. लोक काय मोजमाप घ्यायला येणारेत?"

"आणि रविवारी ते दार कोण लावून घ्यायचं?"

नीलोने कपाळावर हात मारला. "रविवार नको काढूस गं. सगळं सांग, रविवार तेवढे गाळ."

नीलोची तिया, म्हणजे क्रिसांता मावशी, नव्या वॉर्डाच्या खिडकीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हातपंख्याने वारा घेत होती. बाहेर मांडव पडला होता, शाळेचा बँड एकच धून चुकत-चुकत वाजवत होता. सान रोकेच्या इस्पितळाला आज साठ वर्षं होत होती आणि नव्या वॉर्डाला मेयरसाहेबांच्या दिवंगत मातोश्रींचं, दोन्या आसुन्सियोन मोन्तेलिब्रेंचं नाव लागणार होतं. पहिल्या दिवसापासूनची साक्षीदार गावात एकच उरली होती, निवृत्त मुख्य परिचारिका क्रिसांता दुमालाग. म्हणून तिला नवा पोशाख, गळ्यात जाईची माळ आणि ते एक वाक्य. नीलो तिच्या बहिणीचा मुलगा. मेयरच्या कचेरीत तो नेमकं काय काम करतो हे त्यालाही कधी धड सांगता आलं नव्हतं, पण मेयर शिंकले तर रुमाल त्याच्या खिशातून निघायचा.

"जोनालिनचं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय," तो हळूच म्हणाला. "कंत्राटं वाढवायच्या यादीवर सही कोण करतं, तुला माहीत आहे."

मावशीच्या हातातला पंखा थांबला. जोनालिन तिची नात, याच वॉर्डात नर्स, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. घरात तेवढाच एक पगार. धाकट्या दोन भावंडांची शाळा त्याच्यावर चालत होती.

"धमकी देतोयस होय रे मला?"

"मी कशाला देऊ? निरोप देतोय."

साठेक वर्षांपूर्वी, कॉलऱ्याच्या वर्षी, क्रिसांता एकोणीस वर्षांची होती, सुईणीचं शिक्षण घेऊन नुकतीच परतलेली. वादळाने गावातली सगळी मोठी छपरं उडवली होती, उरलं होतं फक्त कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्याचं. आखाडा दोन्याचा, म्हणजे मेयरच्या मातोश्री बाईसाहेबांचा. लोकांनी आजारी माणसं उचलून तिथल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बाकांवर निजवली. वरच्या पायरीवरचा ओकला की खालच्याची आंघोळ व्हायची. मधल्या रिंगणात, जिथे कोंबडे एकमेकांची नरडी फोडायचे, तिथे डॉक्टर बेनितेझ सलाइन लावायचे. दोन्या हरकत घेणार कशी? सारं गाव बघत होतं. फक्त शनिवारी संध्याकाळी तिचा कारभारी झाडू घेऊन यायचा. उद्या झुंजी आहेत, जागा मोकळी करा.

मग रविवारी पहाटे सगळे आजारी खांद्यांवरून आंब्यांच्या झाडांखाली जायचे. आत कोंबडे मरायचे, बाहेर माणसं. क्रिसांताने एका रविवारी त्या झाडांखाली एक बाळंतपण केलं. ऐन वेळी आखाड्यात कुणाचा तरी कोंबडा जिंकला, हजार माणसं ओरडली, आणि त्या बाईला वाटलं हा जल्लोष तिच्या पोरासाठीच. क्रिसांताने तिला खरं सांगितलं नाही. संध्याकाळी पिसं आणि रक्त राखेने घासून काढायचं आणि सगळ्यांना परत आत न्यायचं. सोमवार ते शनिवार इस्पितळ, रविवारी आखाडा.

शेवटी कोळ्यांचं डोकं फिरलं. त्यांनी नारळाचे ओंडके वाहून आणले, चॅपलच्या बायकांनी भात रांधला आणि किनाऱ्याजवळ गावाने आपलं इस्पितळ उभं केलं. उद्घाटनाला दोन्या आली ती स्वतःची कात्री घेऊन. फीत कापली, फोटो काढला आणि कात्री परत पर्समध्ये टाकून घरी गेली. मोन्तेलिब्रे घराण्याची देणगी म्हणतात ती एवढीच. क्रिसांताचा नवरा पुढे याच इस्पितळात वारला, मुलगी इथेच जन्मली, नात इथेच कामाला लागली.

"ते जुनं आठवत बसू नकोस," नीलो म्हणाला. "आधी या लोकांना खाटांवर चढव. साहेब आत शिरतायत."

वॉर्डात वीस नव्या कोऱ्या खाटा होत्या आणि एकीवरही माणूस नव्हतं. सगळे पेशंट खाली चटया टाकून निजले होते. कारण मेयरनी मोठ्या हौसेने प्रत्येक खाटेच्या उशाशी पांढरी संगमरवरी पाटी बसवली होती. वर क्रूस, खाली ‘दोन्या आसुन्सियोन यांच्या पवित्र स्मरणार्थ’. दफनभूमीत असते तश्शी. ज्या कारागिराकडे गावाच्या कबरींच्या पाट्या होतात, त्याच्याकडूनच घेतलेली.

"उठा आजोबा, वर निजा," नीलो एका म्हाताऱ्या कोळ्याला म्हणाला.

"अजून वेळ आहे मला," म्हातारा म्हणाला. "तुला घाई असेल तर तू नीज."

चटयांवर खसखस पिकली. खोकल्याचे पेशंट हसताना जास्तच खोकले.

तेवढ्यात मेयर आले. कडक इस्त्रीचा पांढरा भरजरी सदरा, घामाने डबडबलेला चेहरा. दारातच त्यांनी भिंतीला हात टेकला. जोनालिनने धावत जाऊन दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, फुगवला आणि आकडा बघून तिची मुद्रा बदलली.

"साहेब, आडवे व्हा. आत्ताच्या आत्ता."

मेयर जवळच्या खाटेकडे वळले. खाली वाकले. क्रूस दिसला, आईचं नाव दिसलं. कमरेत वाकलेले तसेच थांबले.

"झोपा की," क्रिसांता म्हणाली. "आईच्याच मांडीवर डोकं ठेवल्यासारखं."

"बसूनच बरं वाटेल."

"बसून नाही चालणार," जोनालिन म्हणाली.

म्हाताऱ्या कोळ्याने अंग चोरून चटईवर जागा केली. "या साहेब. इथे कोणी मेलेलं नाही अजून."

आणि सान रोकेचे मेयर भरजरी सदऱ्यासकट जमिनीवर निजले. नीलो पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. जोनालिनने दिलेली गोळी जिभेखाली विरघळली. हळूहळू मेयरच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि रंगाबरोबर मेयरपणही.

"मानांग क्रिसांता," ते निजल्या निजल्या, थोरल्या बहिणीला हाक मारावी तशा गोड आवाजात म्हणाले, "नात गुणाची आहे हो तुमची. अशी पोरगी इस्पितळात राहिली पाहिजे. काय बोलायचं ते नीलोने सांगितलंय ना?"

क्रिसांताने नातीकडे पाहिलं. त्या पगाराकडे, दोन पोरांच्या शाळेच्या गणवेशांकडे पाहावं तसं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. सोपं होतं, दार ते दार.

जोनालिन मेयरच्या दंडाचा पट्टा सोडवत होती. मान वर न करता आजीला म्हणाली, "लोला, ते आंब्याखालचं बाळंतपण सांग ना स्टेजवर. आत कोंबडा जिंकला होता तेव्हाचं. मला परत ऐकायचंय."

"जोनालिन," नीलो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "यादी अजून माझ्याच टेबलावर आहे."

"असू दे. वाऱ्याने उडणार नाही याची काळजी घे."

मेयर कोपरावर उठले. "मानांग, तुम्ही नेमकं काय बोलणार आहात?"

बाहेर बँडला एकदाची धून सापडली होती. क्रिसांताने खुर्चीला टेकवलेली छत्री उचलली, गळ्यातली जाईची माळ काढून सर्वात जवळच्या खाटेच्या पाटीवर अडकवली, कबरीवर वाहतात तशी, आणि मांडवाकडे चालू लागली.